कसबाने, सफाईने, बेमालूम

दोह्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात तुम्ही बडोद्याचा मोत्यांचा गालिचा पाहिला आहे का? नसेल, तर एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन जरूर जा. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी तो 1865च्या सुमारास करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर अंदाजे 15 लाख बारीक मोती शिवलेले आहेत. हे मोती आपण राहतो त्या आखातातले. 2009 साली दोह्यातच या गालिच्याचा लिलाव झाला, आणि 2019 साली उघडलेल्या या संग्रहालयात तो आता सर्वांना पाहता येतो. म्हणजे इथून मराठी राजाच्या घरी गेलेले मोती दीडशे वर्षांनी माहेरी आले!

गालिच्यासमोर उभे राहिलात की मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. हे मोती कसे शिवले आहेत? बहुतेक उत्तर येईल, "मस्त!" किंवा "परफेक्ट!" उत्तर चूक नाही, पण मराठीत याहून पुष्कळ नेमकं बोलता येतं. टाका सरळ आणि स्वच्छ पडला, तर काम सफाईने केलं. टाका कुठे आहे हेच कळलं नाही, तर बेमालूम केलं. अवघड वळण युक्तीने साधलं, तर खुबीने. जपून, मन लावून, काही वाया न घालवता केलं, तर निगुतीने. चपळाईने आणि हुशारीने केलं, तर शिताफीने. (हा शेवटचा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत फक्त पोलिसांच्या वाट्याला येतो. चोर नेहमी शिताफीनेच पकडला जातो!) 'कसं केलं' हे सांगणाऱ्या या शब्दांना व्याकरणात क्रियाविशेषण म्हणतात. कारागिराला दाद देताना आपल्याला तेच लागतात.

आता गंमत पाहा. यातले बरेच शब्द मोत्यांसारखेच समुद्रापलीकडून आले आहेत. 'सफाई'च्या मुळाशी अरबी 'सफा', म्हणजे निर्मळपणा. 'खुबी' फारसी, म्हणजे चांगुलपणा. 'शिताफी'च्या मागे फारसी 'शिताब', म्हणजे घाई. मराठीत आल्यावर त्या घाईला अक्कल आली. 'बेमालूम'मध्ये 'बे' फारसी, तर 'मालूम' अरबी. शाळेत अरबी शिकणारी तुमची मुलं 'मालूम' लगेच ओळखतील. एज्युकेशन सिटीच्या अरबी पाटीवर 'अल-मदीना अत-तालीमिया' लिहिलेलं असतं. त्यातली 'तालीम' त्याच मुळाची. इथे ती शिक्षण, आपल्याकडे नाटकाची तालीम, आणि कोल्हापुरात पैलवान घडवणारी मातीची तालीम.

सूक वाकिफला तर आपण दर महिन्याला जातो. अरबीत 'वाकिफ' म्हणजे उभा असलेला. भरतीचं पाणी चढलं की विक्रेते उभ्यानेच धंदा करत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ 'एखादी गोष्ट ठाऊक असलेला' असा आहे. तो अर्थ फारसीतून आपल्याकडे आला आणि 'वाकबगार' झाला.

शब्द बाहेरचे असले तरी मराठीने ते आपल्या पद्धतीने घडवले. अरबीत 'सहजतेने' म्हणायचं तर 'बि-सुहूला' म्हणतात, तिथे 'बि' आधी येतो. फारसीतही 'ब' आधीच येतो, हिंदीतला 'बखूबी' तसाच बनला आहे. मराठीने मात्र तृतीयेचा 'ने' शेवटी लावला: खुबीने, सफाईने. संस्कृतातून आलेल्या 'लीलया' आणि 'सहजगत्या' यांत तृतीया आधीपासूनच आहे, म्हणून त्यांना 'ने' लागत नाही.

संस्कृताचा विषय निघालाच आहे, तर कौशल्याचे तिकडचे शब्दही पाहू. 'कुशल' म्हणजे धारदार कुश गवत हात न कापता खुडून आणणारा, अशी जुनी व्युत्पत्ती सांगतात. 'निष्णात' म्हणजे खोल न्हाऊन आलेला, 'पारंगत' म्हणजे पैलतीराला पोचलेला. एका दमात समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले आणणारा कतारी पाणबुड्या, इथला 'गव्वास', याला 'निष्णात' हा शब्द अगदी अक्षरशः लागू पडतो. त्याच्या होडीचा प्रमुख तो 'नोखदा', आणि आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा'. दोघांचं मूळ एकच: फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात जात आणि इथे 1966 पर्यंत रुपया चालत असे, हे लक्षात घेतलं की शब्दांच्या या ये-जा करण्याचं नवल वाटत नाही.

हे परके शब्द काढून टाकायचे प्रयत्नही झाले. 1674च्या राज्याभिषेकाच्या काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, पेशव्याचा पंतप्रधान. राज्य आपलं, तर कारभाराची भाषाही आपली, हा त्यामागचा विचार मोठा होता. पण दरबारातले शब्द आज्ञेने बदलतात, हाताला चिकटलेले बदलत नाहीत. 'पेशवा' तर परत आलाच, आणि शिंपी, सुतार, सोनार यांच्या तोंडची सफाई, खुबी आणि कसब कुठे गेलीच नाहीत. 1831 साली मोल्सवर्थचा मराठी कोश छापला गेला, तेव्हा तिथेही हे शब्द मूळ भाषेची खूण मिरवत हजर होते.

शेवटी 'कसब'. अरबीत 'कस्ब' म्हणजे कमाई, मिळकत. (पुण्याच्या कसबा पेठेतला 'कसबा' वेगळा. अरबीत त्याची अक्षरंही निराळी आहेत.) मराठीत कमाईचा अर्थ मागे पडला, आणि ज्या जोरावर कमावतो ते हातातलं कौशल्य म्हणजे 'कसब' झालं. या प्रवासात एक अन्यायही झाला. 'कसबी' पुरुष म्हणजे कुशल कारागीर, पण 'कसबीण' हा शब्द मात्र बाईची बदनामी करणारा ठरला. भाषा कोणाच्या कौशल्याला मान देते आणि कोणाच्या नाही, हेही मुलांना सांगायला हवं.

आपण सगळे इथे आलो ते अरबी अर्थाच्या 'कस्ब'साठी, यात लपवण्यासारखं काही नाही. मराठी अर्थाचं कसबही आपण सोबत आणलं. कोणी जोडकामाचं, कोणी हिशेबाचं, कोणी रुग्णसेवेचं, कोणी चार माणसांत घर चालवण्याचं. पण ते ओळखायला शिकवणारे शब्द पुढच्या पिढीकडे जातात का? पोळी, वरण, मोदक टिकतात, कारण ते ताटात दिसतात. 'सफाईने' आणि 'निगुतीने' कुठे दिसत नाहीत. ते कोणी मोठ्याने म्हटले तरच टिकतात.

तेव्हा या फराळाच्या दिवसांत एवढं करा. लेकाने करंजीची कड कातणाने सरळ कापली, तर नुसतं "गुड जॉब" म्हणू नका. म्हणा, "किती सफाईने कापलीस रे!" लेकीने आजीच्या पैठणीचा रफू केला आणि तो शोधूनही सापडला नाही, तर "बेमालूम!" म्हणून दाद द्या. एका शब्दात तिला मराठी मिळेल, अरबी मिळेल, आणि आपलं काम कोणीतरी नीट पाहिलं याचा आनंदही मिळेल.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!