डोंगा

डोंगा : झाडाच्या एका अखंड ओंडक्यातून कोरून काढलेली लांब, अरुंद व उथळ नाव. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने विदर्भाच्या पूर्व भागात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत वापरात आहे. पुढे पत्र्याच्या लहान नावांनाही हेच नाव रूढ झाले. मासेमारी व नदी ओलांडणे हे डोंग्याचे मुख्य उपयोग होत. बदकांच्या शिकारीसाठीही तो एके काळी वापरला जाई. शिकार कायद्याने बंद झाली, तरी डोंगा टिकून राहिला.

कोरीव नाव हा नौकेच्या अतिप्राचीन प्रकारांपैकी एक आहे. नेदर्लंड्समधील पेसे येथे सापडलेली अशी नाव इ. स. पू. सु. ८००० मधील मानली जाते. संस्कृतमधील ‘द्रोणी’ हा शब्द लाकडी कुंड व तशाच आकाराची नाव या दोन्ही अर्थांनी आढळतो. गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात ताडाच्या खोडाचे डोंगे प्रचलित होते. असे दोन डोंगे शेजारी बांधून त्यांचा तराफ्यासारखा उपयोग करीत.

प्रदेश व जलमार्ग : वर्धा व वैनगंगा यांचा संगम चपराळ्याजवळ होऊन प्राणहिता नदी बनते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्या एकत्र येतात. या नद्यांची पात्रे रुंद व खडकाळ असून पावसाळ्यात त्यांना मोठे पूर येतात, तर उन्हाळ्यात ठिकठिकाणी केवळ डोह उरतात. गोदावरी-प्राणहिता मार्गाने मध्य प्रांतातील कापूस समुद्रापर्यंत नेण्याची योजना आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हाती घेण्यात आली. परंतु नदीपात्रातील खडकांचे अडथळे व वाढता खर्च यांमुळे १८७१ मध्ये ती सोडून देण्यात आली. मोठ्या नौकांना जे साधले नाही, ते वीतभर पाण्यावर चालणाऱ्या डोंग्याला साधत आले. नद्यांखेरीज गोंड राजवटीपासून बांधले गेलेले व पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले असंख्य तलाव हे त्याचे दुसरे क्षेत्र होय. ढीवर, भोई व केवट हे मासेमारी करणारे समाज आणि इंद्रावतीच्या खोऱ्यातील माडिया गोंड यांच्या जीवनाशी डोंगा निगडित आहे.

रचना व दुरुस्ती : सरळ वाढलेल्या जाड खोडाचा ओंडका निवडून त्याची बाहेरची बाजू तासतात व आतला भाग वासला आणि पटाशी यांनी कोरतात. तळ बाजूंपेक्षा जाड ठेवतात, त्यामुळे भार खाली राहून तोल सावरतो. डोंग्याला कणा नसल्याने तो गवताळ व चिखलाच्या उथळ पाण्यातही अडकत नाही. तो वल्ह्याने किंवा तळाला टेकविलेल्या बांबूने चालवितात. त्याचे दोष याच गुणांतून उद्‌भवतात : रुंदी कमी असल्याने तो एका बाजूस सहज कलतो व काठ पाण्यालगत असल्याने लाटेचे पाणी आत येते. लाकूड उन्हात तडकते, म्हणून उन्हाळ्यात डोंगा पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. लहान भेगा चिंध्या व डांबर यांनी बुजवितात, तर मोठ्या भेगेवर पत्र्याचे ठिगळ ठोकतात. अशा डागडुजीने एकच डोंगा दीर्घकाळ कामी येतो.

बदकांची शिकार : हिवाळ्यात या तलावांवर उत्तरेकडून येणारी बदके उतरतात, चक्रवाक हा त्यांतील परिचित पक्षी होय. अडई, काणूक, हळदीकुंकू बदक व नकटा बदक हे येथे वर्षभर राहणारे किंवा स्थानिक स्थलांतर करणारे पक्षी होत. पाणपक्षी जाळ्याने पकडण्याच्या, तसेच डोक्यावर मडके घेऊन पाण्यात मानेपर्यंत बुडत त्यांच्याजवळ जाण्याच्या युक्त्या भारतात सर्वत्र ज्ञात होत्या. बंदुकीच्या शिकारीत बदके तलावाच्या मध्यभागी बसत असल्याने नावेची गरज भासे. ब्रिटिश अमदानीतील शिकाऱ्यांनी त्यासाठी नवी नौका घडविली नाही. मासेमाराचा डोंगा व तो चालविणारा मासेमार या दोहोंचाच त्यांनी उपयोग केला. बंदुकीच्या धक्क्याने अरुंद डोंगा उलटण्याचा संभव असल्याने दोन डोंगे एकत्र बांधणे किंवा शिकाऱ्याने नावेच्या लांबीच्या दिशेने नेम धरणे सोयीचे असे. कडेला गवत वा डहाळ्या खोवल्या म्हणजे नाव पाणवनस्पतींत मिसळून जाई.

पाश्चात्त्य देशांत याच गरजेतून स्वतंत्र शिकारी नौका निर्माण झाल्या. इंग्लंडमध्ये चपट्या नावेवर मोठ्या नळीची बंदूक बसवीत. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या खाड्यांत वापरली जाणारी, वरून गवताने झाकण्याजोगी ‘स्नीकबॉक्स’ नाव हेझलटन सीमन याने १८३६ मध्ये प्रथम बनविली, असे मानतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ग्रमन या विमाने बनविणाऱ्या कंपनीने ॲल्युमिनियमच्या हलक्या नावा तयार करण्यास प्रारंभ केला आणि पुढे सपाट तळाच्या जुन्या ॲल्युमिनियम नावा दुरुस्त करून, मातकट रंग व गवताचा आडोसा देऊन शिकारीस वापरण्याची प्रथा तेथे पडली. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या सु. एक तृतीयांश असून ते गंजून पोखरत नाही. परंतु ओलाव्यात लोखंडी खिळ्याच्या स्पर्शाने ते झिजते. म्हणून सैल रिव्हेटांच्या जागी त्याच धातूचे रिव्हेट ठोकावे लागतात. धातू वेगळा असला, तरी तळ पाणबंद राखणे, तोल सावरणे व नाव दृष्टीआड करणे हे प्रश्न डोंग्याचेच होत.

कायदा व परिवर्तन : ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली व १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार बदके लहान शिकारीच्या वर्गात असल्याने परवान्याने त्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ही तरतूद रद्द झाली व हौशी शिकारीचा अध्याय संपला. मालगुजारी पद्धती १९५१ मध्ये नष्ट झाल्यावर तलावांची व्यवस्था शासनाकडे गेली. मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने सोपविण्यात येऊ लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनक्षेत्रातील जलाशयांतील मासे व अन्य उत्पन्नांवरील सामूहिक हक्कांनाही मान्यता दिली. मोठ्या वृक्षांच्या तोडीवरील निर्बंधांमुळे कोरीव डोंगे मात्र कमी होत जाऊन त्यांची जागा पत्र्याच्या डोंग्यांनी घेतली.

नद्यांवर पूल झाले, तरी अनेक गावांना जवळचा मार्ग म्हणून डोंग्याचाच आधार आहे. शेतमजुरीसाठी पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या स्त्रिया त्यातूनच प्रवास करतात. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटून मिरची तोडणीसाठी निघालेल्या सहा स्त्रियांचा मृत्यू झाला. मासे धरणाऱ्या एकदोन माणसांसाठी घडविलेल्या नावेवर प्रवासी वाहतुकीचा भार पडला, की तिच्या रचनेतील जुनाच दोष जीवघेणा ठरतो. शिकाऱ्याने दोन डोंगे एकत्र बांधून ज्या कलण्यावर उपाय केला, तोच धोका नदी ओलांडणाऱ्या मजुरांच्या वाट्याला आला आहे. त्यामुळे डोंग्याचा इतिहास ही केवळ लोकतंत्राच्या अभ्यासाची बाब न राहता सुरक्षित जलवाहतुकीच्या प्रश्नाशीही जोडलेली आहे.