औषधाच्या दुकानातलं चॉकलेट
ब्रसेल्सच्या गॅलरी द ला रेन या काचेच्या छताखालच्या बाजारपेठेत १८५७ मध्ये जाँ न्यूहाउस यांनी औषधांचं दुकान थाटलं. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून ते त्यावर चॉकलेटचा थर देत.

खरी कलाटणी दिली ती नातवानं. १९१२ मध्ये धाकट्या जाँ यांनी चॉकलेटच्या पोटात औषधाऐवजी गोड सारण भरलं. वरचं कवच दाताखाली कटकन फुटतं आणि आतलं मऊ सारण जिभेवर पसरतं. हेच बेल्जियमचं प्रालिन.

कागदी पुड्यांत मात्र ही नाजूक चॉकलेटं चेपायची. त्यावर धाकट्या जाँ यांच्या पत्नी लुईझ अगोस्तिनी यांनी १९१५ मध्ये पुठ्ठ्याची डबी काढली, ‘बालोतँ’. तिच्यात चॉकलेटं थरावर थर नीट बसतात. प्रालिनइतकंच श्रेय या डबीलाही द्यायला हवं; आज बेल्जियमभरचे चॉकलेटवाले तीच वापरतात.