शिकलगाराचें चाक आणि तंबोऱ्याचा सूर

वाद्य वाजविणाऱ्याचें नांव लोकांच्या ओठांवर राहतें. तें वाद्य ज्यानें घडविलें त्याची आठवण मैफलींत सहसा कोणी काढीत नाहीं. आणि घडविण्यांतलें जें सर्वांत कंटाळवाणें काम, म्हणजे लाकूड घासण्याचें, त्याचा इतिहास तर कोणी सांगतही नाहीं. श्रोतेहो, तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आपल्या घरांतल्या मुलांच्या हातीं हल्लीं गिटार दिसते. तिची समोरची फळी सुमारें एक दशांश इंच जाडीची असते. कोठें जाड, कोठें पातळ राहिली तर सूर बिघडतो. पूर्वीं ही फळी रंध्यानें व काचकागदानें हातांनींच उतरवीत. आतां पुष्कळ कारागीर हें काम मोटरीवर फिरणाऱ्या रुळाकडून करून घेतात. असें यंत्र सतार-तंबोऱ्याच्या कारखान्यांत आलें तर तें परकें मानावें काय, हा प्रश्न विचारण्यापूर्वीं मिरजेचा इतिहास पाहिला पाहिजे.

मिरजेच्या तंबोऱ्याचे मूळ कारागीर सुतार नव्हते. ते शिकलगार होते. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणें व पातीं उजळणें हा त्यांचा पिढीजात धंदा. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. आपल्या नागपूरचें भोसल्यांचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें. दरबारांबरोबर शस्त्रांचा खपही ओसरला, आणि हजारों कुशल हात रिकामे झाले. अशा काळांत, १८५० च्या सुमारास, मिरज संस्थानांत पटवर्धनांच्या आश्रयानें संगीत वाढीस लागलें होतें. वाद्यें दुरुस्त करणारा माणूस हवा होता. शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं हें काम हातीं घेतलें, व दुरुस्तीवरून ते नवीं वाद्यें घडविण्याकडे वळले. त्यांच्या वंशजांना पुढें सतारमेकर हेंच नांव पडलें. याच मिरजेंत खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं वास्तव्य केलें. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें.

शस्त्राचा माणूस वाद्याकडे वळला, हें ऐकून आश्चर्य वाटतें. परंतु कामाची जात पाहिली तर वाटणार नाहीं. पंढरपूरच्या बाजूचा कडू भोपळा वाळवून, भिजवून, कापून आंतून खरवडावयाचा. तुणीच्या लाकडाची तबली व दांडी तासावयाची. मग सर्व अंग घासून घासून असें करावयाचें कीं चपड्या लाखेचें पॉलिश त्यावर आरशासारखें बसावें. ही लाख आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या पळसांवरही होते. पातें उजळतांना कोठें किती दाब द्यावा, केव्हां थांबावें, हें ज्या बोटांना ठाऊक होतें, त्याच बोटांना लाकडाचा पृष्ठभागही कळला.

शिकलगाराजवळ आणखी एक वस्तु होती, ती म्हणजे चाक. एकानें पट्टा ओढून चाक फिरवावें व दुसऱ्यानें त्यावर पातें धरावें, अशी ती रीत. फिरती सहाण, तिला गति देणारा पट्टा आणि पट्ट्याला ओढणारें बळ, हे तिन्ही भाग त्यांत होते. आजच्या यंत्रांतही हेच तीन भाग आहेत. त्यांतील एकेक भाग मात्र निरनिराळ्या वेळीं बदलला.

पहिल्यानें सहाण बदलली. लंडन येथें जॉन ओकी यानें १८३३ मध्यें काचेची पूड सरसानें कागदावर बसवून विकण्याचा धंदा मांडला. १८९१ मध्यें अमेरिकेंत एडवर्ड ॲचेसन यास विजेच्या भट्टींत कार्बोरंडम हा अत्यंत कठीण पदार्थ सांपडला, व घासण्याच्या कागदाला नवी धार आली. बळाचा पालट नागपूरकरांनीं आपल्या डोळ्यांदेखत पाहिला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं येथें सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत एका वाफेच्या एंजिनावर शेकडों यंत्रें चालत. ती गिरणी आतां उरली नाहीं. पुढें विजेची मोटर आली आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचें बळ मिळालें. गिरणीची शक्ति एका खोलीच्या कारखान्यांत मावूं लागली. मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरच किर्लोस्करवाडी आहे. तेथें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें कारखाना उभारला, व यंत्र हें आपल्या हातांनींही होतें, हें महाराष्ट्राला दाखविलें.

गिटारवाल्यांचें हें यंत्र कोणाही हुशार कारागिराला बनवितां येण्यासारखें आहे. लोखंडी दांड्यावर लाकडाच्या गोल चकत्या ओवून व चिकटवून चार इंच व्यासाचा रूळ करतात. तो जागेवरच फिरवून, खालून काचकागद लाविलेली फळी टेकवून, अचूक वाटोळा करून घेतात. मग त्यावर काचकागदाची पट्टी पिळानें गुंडाळतात. मोटर मिनिटास सुमारें १४४० फेरे घेते. रूळ तितकाच फिरला तर मिनिटास दीड हजार फूट कागद लाकडावरून जातो. खालचें मेज एका बाजूस बिजागरीवर व दुसऱ्या बाजूस स्क्रूवर असतें. स्क्रू किंचित् फिरविला कीं मेज केसभर वर येतें. फळी रुळाच्या फिरण्याविरुद्ध सरकवावी लागते, नाहीं तर रूळ ती हातांतून हिसकून घेतो. धुळीसाठीं झांकण व ती शोषून घेणारा पंखाही हवाच. हातापेक्षां यंत्र अधिक बारीक धूळ उडवितें, व ती फुप्फुसांत बसते.

मग कारागिराला काय उरलें? स्पेनमध्यें आंतोनियो दे तोरेस यानें १८६२ मध्यें एक गिटार केली. तिच्या बाजू व पाठ कागदाच्या लगद्याची, फक्त समोरची फळी लाकडाची. सूर त्या फळींत असतो, हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. रूळ सर्व फळ्या एकाच मापाच्या करतो. पण कोणतेंही दोन लाकडांचे तुकडे सारखे नसतात. टिचकी मारून, वांकवून, ऐकून शेवटची केसभर जाडी ठरवावी लागते. तंबोऱ्याची जवारी तर याहून नाजूक. घोडीचा माथा कानशीनें घासावयाचा, तारेखालीं सूत सरकवावयाचें, पुन्हां ऐकावयाचें. तेथें मेज वर नेणारा स्क्रू उपयोगी नाहीं, कानच हवा.

वाद्ये घडविणाऱ्या घराण्यांत आज तरुण मुलें या धंद्यांत टिकतील कीं नाहीं, अशी चिंता आहे. दिवसभर घासून खांदे भरून येतात, आणि मोबदला बेताचा. अशा वेळीं हातकामाच्या पावित्र्याचें गाणें गाणें सोपें आहे, परंतु तें गाणाऱ्याचा खांदा दुखत नसतो. ज्या श्रमांत बुद्धि लागत नाहीं ते यंत्राला द्यावे, आणि वांचलेला वेळ कानाच्या शिक्षणास द्यावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय. चाक फिरविणारा गडी शिकलगारालाही लागतच असे; आज त्याच्या जागीं मोटर आली, एवढेंच. पातें धरणारा हात मात्र पूर्वींइतकाच जाणता असला पाहिजे. तो हात घडविण्याची जबाबदारी कारागिरांइतकीच वाद्य विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांचीही आहे. चांगल्या जवारीची योग्य किंमत देणारें घर असेल, तरच ती जवारी लावणारा मुलगा त्या घराण्यांत राहील.