पहिलं 'टेस्ट ट्यूब बेबी' मान्य झालं ते पालिकेच्या दवाखान्यात!

आपल्या वऱ्हाडात लग्नाला चार वर्षं झाली अन् पाळणा हलला नाही, की सगळे सुनेकडेच बोट दाखवतात. डोहाळजेवणाला तिला बोलावत नाहीत. नवऱ्याची तपासणी म्हटली, की "आमच्या पोराले काय झालं?" म्हणून विषय बंद. मग कोणीतरी आयव्हीएफ सुचवतं, अन् प्रश्न उरतो पैशाचा. म्हणून हा इतिहास माहीत असलेला बरा.

२५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली. बीज अन् शुक्राणूचं मीलन प्रयोगशाळेत करून गर्भ आईच्या पोटात सोडला होता. सव्वादोन महिन्यांतच, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानं 'दुर्गा' जन्मली. त्यांनी तर गर्भ गोठवून ठेवून नंतर सोडला होता! पण सरकारी समितीनं दावा फेटाळला. पुढं त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत परळच्या केईएममध्ये हर्षा जन्मली. यामागं होत्या डॉ. इंदिरा हिंदुजा अन् शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार. देशातलं पहिलं म्हणून तिचीच नोंद झाली. पण १९९७ मध्ये आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचली अन् पहिला मान त्यांचा, असं स्वतःच जाहीर केलं. असा मोठेपणा दुर्मिळच.

आता लक्षात घ्या, केईएम हे मुंबई महापालिकेचं, अन् आनंद कुमारांची संस्था केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची. म्हणजे हे यश सरकारी पैशातूनच आलं. आज मात्र बहुतेक जोडप्यांना खासगी सेंटरच गाठावं लागतं. एका खेपेत गर्भ राहीलच असंही नाही. मग सोयाबीन-कापसाचे पैसे जातात, कधी वावरही.

दोष बाईचाच, हेही विज्ञानानं कधीच खोडलं. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू थेट बीजात सोडून झालेल्या बाळांची नोंद केली. ही पद्धत पुरुषांतल्या उणिवेसाठीच होती. वीर्यतपासणी सोपी अन् स्वस्त आहे. ती आधी करा.

२०२१ च्या कायद्यानं प्रत्येक सेंटरची नोंदणी सक्तीची आहे. बाईचं वय २१ ते ५० अन् पुरुषाचं २१ ते ५५ लागतं. पैसे भरण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र बघा.

गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालं. मग अमरावतीच्या डफरीनमध्ये अन् अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये वंध्यत्वाची कोणती तपासणी, कोणता उपचार मिळतो, हे आपण आमदार-खासदारांना का विचारू नये? लेकरू होणं हा फक्त पैसेवाल्याचा हक्क काहून असावा?