मूल कोणाचे? साक्ष, कायदा आणि बाप

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ‘साक्ष’ हा शब्द जितक्या सहज येतो तितका तो कोर्टातल्या कारकुनाच्याही येत नसेल. रविवारच्या उपासनेत किंवा कोणाच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेत एखादा उठतो आणि साक्ष देतो. दारू कशी सुटली, आजारातून कसा उठलो, देवाने कसे सांभाळले. बारामती-इंदापूरकडे अशा साक्षी मी बऱ्याच ऐकल्या. बोलणारा पुष्कळदा बाप असतो आणि त्याची पोरे मागे सतरंजीवर बसलेली असतात. बापाचे बोलणे ऐकता ऐकता पोरांच्या तोंडाकडे पाहण्याची मला सवय लागली. बापाची साक्ष खरी की खोटी हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मिशनच्या जुन्या अहवालांत हे तोंड दिसत नाही. तिथे बाप्तिस्म्यांची संख्या असते, शाळांचे पट असतात. धर्मांतरिताने बाप म्हणून काय केले याचा रकाना नसतो. पण मूल मधे उभे राहिले आणि ते कोणाचे असा तंटा पडला की कायदा येतो, कागद होतात आणि इतिहासाला काहीतरी हाती लागते.

आमच्या भागातला असा कागद म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ क्राईस्ट’ या पंथाचे मिशनरी बारामतीत आले. निरेच्या डाव्या कालव्याचे पाणी त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इकडे आले होते आणि उसाची शेती वाढत होती. याच बारामतीत सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट वसवली आणि ती चालवायला या मिशनकडे दिली. हे काही बारामतीपुरते नव्हते. मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाचे एक आय.सी.एस. अधिकारी सेटलमेंट खात्याचे प्रमुख होते, आणि ठिकठिकाणच्या सेटलमेंटी मिशनांच्या हवाली करणे हा सरकारचा रिवाजच होता. सोलापुरातही अमेरिकन मराठी मिशनने हे काम पाहिले.

सेटलमेंट म्हणजे हजेरी. नाव नोंदवलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. आत शाळा होती, रोजगार मिळवून दिला जाई, आणि त्याचा उपयोग झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1911 च्या कायद्यात, आणि तो सुधारून आलेल्या 1924 च्या कायद्यात, आणखी एक तरतूद होती. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. मुलाने काही केलेले असण्याची गरज नव्हती. बाप त्या जातीचा, एवढे पुरे.

आता अशा बापाला मिशनरी सांगणार की देव हा आपला बाप आहे. सांगणारा प्रामाणिक असेल, मायाळूही असेल. पण ऐकणारा त्याच्याचपुढे रोज हजेरी देतो आणि त्याचे पोर कुठे राहील हे त्याच्या हाती नाही. त्याच्या कानावर तो शब्द कसा पडत असेल? मला वाटते, सत्तेच्या जोडीने आलेली साक्ष तिथेच अधू झाली. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला. शाळेत शिकलेली पिढी पुढे आली, तीत ख्रिस्ती झालेलेही होते. कोणाची श्रद्धा किती खरी हे ठरवणारा मी कोण. मात्र ज्या बापांची मुले काढून घेता येत होती त्यांची साक्ष कोणी लिहून ठेवली नाही.

मूल कोणाचे, हा प्रश्न मिशनांच्या वाट्याला पहिल्यापासून आलेला होता. 13 सप्टेंबर 1843 रोजी नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती, वय बाराच्या आसपास, त्याच वाटेवर होता आणि मिशनरींकडे राहात होता. बापाने सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढचे प्रकरण आपल्याला ठाऊक असते ते बाळशास्त्री जांभेकरांमुळे. मिशनरींच्या घरी राहिलेल्या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, असे बाळशास्त्री म्हणाले आणि सनातन्यांनी त्यांच्यावर राळ उडवली.

या सगळ्यात बाप मागे पडतो. त्याने थोरला मुलगा गमावला होता. धाकटा कोर्टातून जिंकून आणला, तर त्याला पंगतीला बसवायला जात तयार होईना. मिशनरींच्या लेखी तो सत्याच्या आड येणारा, जातीच्या लेखी अडचणीचा. नारायण शेषाद्रि पुढे जालन्याकडे गेले, तिथे त्यांनी बेथेल वसवले आणि मोठे नाव कमावले. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. तरी त्यांचे चरित्र वाचताना मी दर वेळी या बापापाशी अडखळतो.

पन्नासेक वर्षांनी पारडे फिरले. 1850 च्या कायद्याने धर्मांतरामुळे माणसाचे हक्क जाणे बंद केले. 1890 चा पालक व पाल्य कायदा आला. बाप हयात आहे आणि नालायक ठरलेला नाही, तर कोर्टाने दुसरा पालक नेमू नये, असे तो सांगतो. म्हणजे आता ख्रिस्ती झालेला बाप हिंदू बायकोकडून मूल मागू शकत होता आणि कायदा बहुधा त्याच्या बाजूने उभा राहिला असता.

नारायण वामन टिळक नेमके याच जागी उभे होते.

आमच्या बारामती-इंदापूरच्या रस्त्याने दर आषाढात तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या, त्याही पंढरपुरात. नवरा नगरला ख्रिस्ती, बायको विठोबाच्या गावी, मधे मूल. दत्तूचा जन्म 1891 चा. त्याच्या अगोदर झालेली मुले राहिली नव्हती, म्हणजे दोघांचा सगळा जीव एकाच पोरात.

‘स्मृतिचित्रे’ आपण लक्ष्मीबाईंसाठी वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण ते बापांचेही पुस्तक आहे. लक्ष्मीबाईंचे वडील जलालपूरचे गोखले. सत्तावनच्या प्रकरणात त्यांचे सासरे फासावर गेले, त्या धक्क्याने या गृहस्थांना सोवळ्याचे वेड लागले. मिठासारखी वस्तूसुद्धा धुतल्याशिवाय घरात यायची नाही. टिळकांचे वडील वामनराव शीघ्रकोपी, त्यांचा जाच घराला. दोन्हीकडे बाप म्हणजे धाक. ख्रिस्ती धर्मात तर बाप हाच देवाचा पहिला शब्द. टिळकांनी अभंग लिहिले तेव्हा ख्रिस्ताला ते गुरुमाउली म्हणून हाक मारू लागले. याला वारकरी वळण म्हणतात, ते आहेच. पण त्यात वामनरावांच्या घरचे पोरही बोलते, असे मला वाटते.

टिळक स्वतः काही आदर्श बाप नव्हते. तापट, घरात दोन पैसे टिकू न देणारे, मनात येईल तेव्हा उठून जाणारे. लक्ष्मीबाईंनी यातले काही झाकलेले नाही. पण संसार पुन्हा जुळला तो कोर्टाच्या हुकमाने नव्हे. त्याला पाचेक वर्षे लागली. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपले सोवळे घेऊन आल्या, ख्रिस्ती नवऱ्याजवळ हिंदू म्हणून राहिल्या, आणि आपल्या विचाराने बदलल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा, राहुरीचा. बायकोमुलाला आपल्या मागे ओढून आणण्याचा हक्क हाती असलेल्या माणसाने ती वर्षे काढली. टिळकांच्या साऱ्या व्याख्यानांपेक्षा ही साक्ष मला मोठी वाटते.

माझे हे म्हणणे कोणी भाबडे ठरवील, म्हणून दुसरा दाखला. 1907 साली जळगावला कवि-संमेलन भरले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराने सगळ्यांना जिंकले आणि तो बालकवी झाला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. तो दत्तूहून वर्षभरानेच मोठा. रुसवे, हट्ट, जेवणावरून कुरबुरी, सगळे त्याने त्या घरात मुलाच्या हक्काने केले. घर धर्मप्रचारकाचे, पोर हाताशी, हळवे, आईबापांपासून दूर. मिशनच्या अहवालात अशा बाप्तिस्म्याचे केवढे कौतुक झाले असते! ठोमरे हिंदू आले आणि शेवटपर्यंत हिंदू राहिले. 1843 साली श्रीपतीला घरी ठेवून घेणाऱ्यांना जे जमले नाही ते इथे जमले, आणि मिशनला सोयीचे होते म्हणून जमले नाही. टिळकांचे मिशनशी खटके उडतच. 1917 साली ते मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले.

दत्तूचे काय झाले? देवदत्त नारायण टिळक या नावाने ते लिहू लागले. आईच्या मागे लागून त्यांनी तिच्याकडून आठवणी लिहवून घेतल्या. मराठीत ‘स्मृतिचित्रे’ आहे ते या मुलाच्या चिकाटीमुळे, आणि त्यात बाप जसा होता तसा आला आहे, रागासकट, कर्जासकट. मुलाने तो पुसून घेतला नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले होते ते थोडे अध्याय होऊन राहिले होते. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या 1936 साली गेल्या तेव्हाही ग्रंथ संपलेला नव्हता. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि 1938 साली तो छापून निघाला.