भाऊसाहेबांची मुलगी आणि मास्तरांची बायको

आम्हा दोडामार्गवाल्यांना गोवा परमुलुख कधी वाटलाच नाही. बाजार डिचोलीचा, सोयरीक पेडण्या-साखळीची. त्यामुळे १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब बांदोडकर गेले तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं. पाठोपाठ कळलं की त्यांच्या जागी त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. माझी आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊसायबांचा चेडू मुख्यमंत्री झाला गे!"

मी तेव्हा तेवीस वर्षांची, शाळेत नुकतीच लागलेली. आईच्या वाक्यात ताईंचं नावच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

बायकांच्या नावाची ही गोष्ट तशी जुनीच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, उत्तरेकडच्या प्रांतांत कित्येक बायका मतदार यादीत स्वतःचं नाव सांगेनात. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. मताचा हक्क होता, पण तो घ्यायला लागणारं नाव तोंडातून निघेना!

शशिकलाताईंचं नाव यादीत होतं, त्या आधीपासून आमदार होत्या, वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्रीही होत्या. तरी लोक म्हणत, वडिलांची पुण्याई. खोटं कशाला बोला, होतीच ती. देशात त्यांच्या आधी दोनच बायका मुख्यमंत्री झाल्या होत्या, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी.

पण खुर्चीवर बसल्यावर ताईंनी काय केलं ते बघा. गोव्यात भाटकाराच्या जमिनीत झोपडं बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकार रागावला की बिऱ्हाड रस्त्यावर. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळालं. पुढच्याच वर्षी कुळकायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याला जमिनीची मालकी देण्याची वाट केली. मुंडकाराच्या घरी हा कायदा कुणाच्या मुलीने केला हे कोण विचारणार? १९७७ ची निवडणूक तर भाऊसाहेबांच्या पश्चात, ताईंच्याच नेतृत्वाखाली लढवून मगोने पुन्हा सरकार केलं. १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वपक्षीयच फुटले आणि ते कोसळलं. पुढे त्या काँग्रेसमध्ये गेल्या, परतही आल्या. चुका केल्या असतील, पण त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. १९९० साली शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी-कोकणी माध्यमालाच देण्याचा निर्णय त्यांनी घेतला, आणि २०११ साली सरकारने तो फिरवला तेव्हा पंचाहत्तरीच्या ताई पुन्हा लोकांत उतरल्या. २८ ऑक्टोबर २०१६ ला त्या गेल्या. तोवर त्या नुसत्या "ताई" झाल्या होत्या. कुणाची मुलगी ते सांगावं लागत नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायची म्हणूनच हे एवढं लिहिलं.

मी निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आमच्या वाडीतली जागा बायकांसाठी राखीव. गावातले एक वडीलधारे घरी आले, ओट्यावर बसले आणि ह्यांना म्हणाले, "मास्तर, बाईंका उभी करूया काय?" मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. छत्तीस वर्षं गावाची पोरं मी शिकवली, विचारणारेही त्यातल्या दोघांचे बाप. पण विचारलं ते ह्यांना. हे बिचारे म्हणाले, "तिकाच विचारा." मी तिरमिरीत "नाही" म्हटलं आणि आत निघून गेले. फार स्वाभिमान दाखवला असं तेव्हा वाटलं होतं.

त्या जागेवर दुसरी एक बाई निवडून आली. सुरुवातीला तिचा नवराच बोलायचा, ती मान हलवायची. लोक हसत, मीही हसले. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीवरून वाद झाला तेव्हा तिने भर ग्रामसभेत नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही बसा, मी बोलतंय." टाकी झाली. आज मी त्याच टाकीचं पाणी पिते.

मला वाटायचं, दार आपल्या नावाने उघडलं तरच आत जावं. ताई वडिलांच्या नावाने आत गेल्या, ही बाई नवऱ्याच्या. दोघींनी आत जाऊन स्वतःचं नाव कमावलं. मी मात्र नाव जपत ओट्यावरच राहिले.

माझी नात यंदा पहिल्यांदा मतदार यादीत नाव घालणार आहे. परवा फॉर्म भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी थांबून तिने विचारलं, "आजी, हे कशाला?" मी म्हटलं, "भर बाये. पण वरचा रकाना आधी भर."