वसईचा दगड

दरवर्षी थंडी पडू लागली की मी सातवीच्या वर्गाला वसईचा किल्ला दाखवावयास नेतो. वर्गात वाडवळांची मुले असतात, कोळ्यांची असतात, घरी कादोडी बोलणारी ख्रिस्ती मुलेही असतात. चिमाजी अप्पांनी किल्ला कसा घेतला, ते मी पुष्कळ वर्षे मोठ्या आवेशाने सांगत आलो. एका वर्षी माझे सांगून झाले, डबे उघडले, आणि एक ख्रिस्ती मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मग त्या दिवशी आम्ही हरलो की जिंकलो?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रविवारी मी एकटाच पुन्हा किल्ल्यात गेलो. आजवर मी तो लढाईच्या निमित्ताने पाहिला होता. बांधणारा काय विचार करीत होता, हे कधी पाहिलेच नव्हते.

गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली वसई पोर्तुगीजांना मिळाली. नूनो द कुन्य याच्या हुकुमाने गार्सिया द सा याने १५३६ साली इथे पहिला कोट उभारल्याचे जुन्या शिलालेखात नमूद होते. पुढे त्याभोवती तटबंदीचे मोठे शहर वसले. त्या तटाचे बुरुज आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या बुरुजांसारखे गोल नाहीत. बाणाच्या टोकासारखे कोन काढून ते पुढे आलेले आहेत. ही हौस नव्हे. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी शत्रू येऊन चिकटला, तर तटावरून त्याला मारता येत नाही. कोनाचा बुरुज बांधला की त्याचा पायथा शेजारच्या बुरुजावरून स्वच्छ दिसतो. एक बुरुज दुसऱ्याची पाठराखण करतो. तोफांचे युग आल्यावर ही युक्ती इटलीत निघाली आणि जगभर पसरली. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर माझागांव येथे पोर्तुगीजांनी १५४१ साली बांधावयास घेतलेला किल्ला याच जातीचा आहे. वसईच्या खाडीवर उभा असलेला माणूस नकळत अर्ध्या जगाची भूमिती पाहत असतो.

मराठ्यांनी १७३९ साली या भूमितीला उत्तर दिले ते जमिनीखालून. वरून मारा चुकविता येत नाही, तर सुरुंग खणून बुरुजच उडवावा! त्यासाठी माणसे किती पडली, ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. मे महिन्यात किल्ला पडला. मात्र शरणागतीच्या अटींत, जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल, असेही एक कलम होते. ते मी मुलांना कधी सांगितले नव्हते.

आत चर्चांचे भग्न सांगाडे आहेत. सेंट जोसेफच्या मनोऱ्यात अरुंद गोल जिना आहे. बहुतेक छपरे गेली, पण कमानी उभ्या आहेत. कमान उभारताना खाली लाकडाचा आधार देतात, दोन्ही बाजूंनी दगड रचत आणतात, आणि माथ्याचा शेवटचा दगड बसला की आधार काढून घेतात. मग प्रत्येक दगड पडू पाहतो, आणि शेजारचा त्याला पडू देत नाही. आपल्याकडे अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयात हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविलेला आहे. तिथे दगडाचा एकेक थर थोडाथोडा आत सरकवीत मधली पोकळी झाकलेली आहे. दोन रीती, प्रश्न एकच : माणसाच्या डोक्यावर दगड कसा तोलून धरावा? तिथे मला हिंदू वास्तू आणि फिरंगी वास्तू असा भेद करवेना.

आणि दगड तरी कुठे एका जागी राहिला? जुन्या गोव्यात १६०५ साली पुरे झालेल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावर कोरीव कामाचा जो काळा दगड आहे, तो वसईहून नेलेला. उलट, नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वसईच्या विजयाची ती खूण. एका देवासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या देवाच्या दारी वाजते, आणि नाद काही बिघडत नाही.

आता किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तरी पिंपळ भिंतीतून मुळे घालतो, आणि आपली शिकली-सवरलेली मुले खिळ्याने दगडावर नावे कोरतात. शत्रूने बांधलेले म्हणून एक उदासीन, आपल्या पूर्वजांनी गमावलेले म्हणून दुसरा अवघडलेला. या दोघांच्या मध्ये कमान मात्र ढासळते.

पुढच्या वर्षी वर्ग घेऊन गेलो, तेव्हा तो मुलगा वर्गात नव्हता. आठवीत गेला होता. त्याला मी मुद्दाम बोलावून बरोबर नेले. चर्चच्या दारातील खांबावर हात ठेवावयास सांगितला. दगडावर छिन्नीचे घाव बोटांना लागत होते.

"त्या दिवशी पोर्तुगालचा राजा हरला," मी म्हणालो. "तू नाही हरलास. हुकूम देणाऱ्यांची नावे लेखात आहेत. हा दगड वाहणाऱ्याचे नाव कुठेच नाही. तो तुझा पूर्वज असेल, कदाचित या सगळ्यांपैकी कुणाचाही."

तो काही बोलला नाही. हात मात्र बराच वेळ त्याने काढला नाही. मग वर्गातली इतर मुलेही एकेक करून पुढे आली आणि खांबाला हात लावून पाहू लागली.